एक नंबर

रात्री पावणेदोनला सातपूरच्या ऑफिसात फोन.
पाथर्डी फाट्यावरून धात्रक, मुलींचं होस्टेल चालवतात.
"मॅडम, पिंग जातंय, उत्तर येत नाही."
आवाज असा, जणू मीच ते वाटेत अडवलंय.

मी त्यांच्या राउटरमध्ये शिरते.
आत एकोणीस मुली, एकोणीस लॅपटॉप,
आणि बाहेरच्या जगासाठी सगळ्यांचा मिळून
एकच पत्ता.

बाकीच्या ट्रॅफिकचं सोपं असतं,
त्याला पोर्ट असतो, दारावरचा आकडा.
पिंगला पोर्ट नाही.
ते बापडं एवढंच विचारतं: आहेस का?
पलीकडून एवढंच यायचं असतं: आहे.
अंगावर फक्त एक ओळखक्रमांक.
आणि खोली चारची भाग्येशा, खोली सातची नसीम,
माझ्याच सांगण्यावरून एकाच सर्व्हरला हाक मारतायत,
तर दोघींच्याही लॅपटॉपने एकमेकांना न विचारता
तोच आकडा लावलाय: एक.
त्या बनावटीच्या मशीनला दुसरा सुचतच नाही.

आता उत्तर आलं तर द्यायचं कुणाला?

माझी आई रामकुंडाजवळ चपला सांभाळायची.
पत्र्याचे बिल्ले, काळ्या दोऱ्यात ओवलेले.
नाव विचारायची नाही, गाव विचारायची नाही.
एकदा येवल्याचे दोन भाऊ आले,
एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या, कोऱ्या चपला.
"तुमच्या तुम्हालाच ओळखू यायच्या नाहीत," म्हणाली,
आणि एकाला बत्तीस दिला, एकाला एकेचाळीस.

राउटरही तेच करतो.
भाग्येशाचा एक राहू देतो,
नसीमचा एक खोडून तिथे ४०९१३ लिहितो,
बेरीज पुन्हा जुळवतो
आणि वहीत एक ओळ टाकतो:
बाहेर ४०९१३, आत नसीम, तिचा खरा आकडा एक.
उत्तर आलं की आकडा पुसून परत एक.
नसीमला यातलं काही कळत नाही.
तिला वाटतं, आपल्याच नावाने कुणी ओ दिली.

कधी मधलाच एखादा राउटर कळवतो,
याचं आयुष्य इथे संपलं.
त्या निरोपाला स्वतःचा क्रमांक नसतो,
पोटात मेलेल्या पिंगचा तुकडा असतो, ओळख पटवायला.
तेव्हा पाकिटातलं पाकीट उघडायचं,
आतलाही पत्ता बदलायचा.
स्वस्त राउटरना हे धड जमत नाही.

धात्रकांचा स्वस्तच. पण दुखणं निराळं निघालं.
द्वारकेला जेसीबीने फायबर तोडलेली,
अर्धं शहर उसन्या लाइनीवर,
उत्तराला अडीच सेकंद लागत होते,
आणि वहीतली ओळ कुणीतरी
दोन सेकंदांत पुसायला लावून ठेवलेली.
उत्तरं येत होती.
दारापर्यंत येत होती, एकूण एक.
वहीत ओळ नाही म्हणून
तिथेच, आवाज न करता, टाकून दिली जात होती.

आई सातला उरलेल्या चपला पोत्यात भरायची.
एकदा साडेसातला एक म्हातारा, अनवाणी,
मुठीत बिल्ला.
"आता हा नंबर कुणाचाच नाही, बाबा,"
असं म्हणाली खरी,
मग दिव्याखाली पोतं उपडं केलं.

राउटरकडे पोतं नसतं.

मी दोनचे तीस केले.
"सांगा त्यांना, मारा आता."
फोनच्या मागून, लांबून, एका मुलीचा आवाज:
आलं. आलं. अजून एक आलं.
"एक नंबर, मॅडम," धात्रक म्हणाले
आणि फोन ठेवला.

मी वही उघडी ठेवून बसले.
सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस.
४०९१३ गेला.
खाली रस्त्यावर दुधाची पहिली गाडी
अंबडकडे वळली.